प्रवाळाला लुमेन कळत नाहीत

न्यू जर्सीतल्या एका मित्राचा मध्यंतरी रात्री उशिरा फोन आला. कॉलेजपासूनचा मित्र, तिकडे डेटाबेस सांभाळतो. आवाज अगदी सुतकी.

"अरे, पांढरं पडलं रे सगळं."

"केस?"

"केस कसले! कोरल!"

तर प्रकरण असं. या गृहस्थाने दोन वर्षांपूर्वी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी केली. मासे नावापुरतेच, खरी हौस जिवंत प्रवाळांची. त्यातली अ‍ॅक्रोपोरा नावाची फांद्याफांद्यांची जात उजेडाच्या बाबतीत फार चोखंदळ. मोठ्या हौसेने निळा-पांढरा एलईडी दिवा बसवला, मग प्रश्न आला की उजेड पुरेसा आहे का? पठ्ठ्याने फोनवर लक्स मोजायचं ॲप टाकलं, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाण्यात धरला. आकडा आला ४,०००. कुठल्याशा तक्त्यात वाचलं होतं की लक्सला ५४ ने भागलं की 'पार' मिळतो. उत्तर ७४. अ‍ॅक्रोपोराला साधारण २५० लागतो म्हणतात. म्हणजे बिचारं उपाशी! दिवा वाढवला, वाढवत वाढवत १०,००० लक्सपर्यंत नेला. तरी भागाकार १८५ च. अजून वाढवणार, तेवढ्यात दोन आठवड्यांत फांद्या पांढऱ्याफटक.

पुढे तिथल्या हौशी मंडळींपैकी कोणाकडून तरी त्याने खरा 'पार' मीटर उसना आणला. त्या जागी आकडा निघाला सव्वासहाशे. दिवा परत पहिल्या जागी नेऊन मोजलं, तर २५०. थोडक्यात, ज्या दिवशी त्याने पहिल्यांदा फोन पाण्यात बुडवला त्या दिवशी उजेड अगदी हवा तेवढाच होता.

आमच्या धंद्यात असं काही झालं की आधी लॉग बघतात. इथे लॉगमध्ये चूक नव्हती. ॲप बरोबर, भागाकारही बरोबर. घोळ एककात होता. डोक्यात किडा शिरला आणि माझा शनिवार-रविवार लक्सची वंशावळ काढण्यात गेला. ती वंशावळ सुरू होते चक्क एका मेणबत्तीपासून.

उजेड मोजायची पहिली नीट पद्धत बसवली ती पिएर बुगेर या फ्रेंच माणसाने. त्याचं या विषयावरचं पुस्तक १७२९ चं. डोळ्याला 'हे त्याच्या तिप्पट उजळ आहे' हे सांगता येत नाही, पण 'हे दोन्ही सारखे आहेत' हे फार छान सांगता येतं, ही त्याची मुख्य कल्पना. मग मेणबत्ती मागेपुढे सरकवायची, दोन्हीकडचा उजेड सारखा दिसला की अंतर मोजायचं आणि गणित करायचं. या रीतीने त्याने पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सूर्य सुमारे तीन लाख पट तेजस्वी आहे असं काढलं. मेणबत्तीच्या भरवशावर! पाण्यासारख्या पदार्थातून जाताना उजेड दर थराला ठराविक प्रमाणात घटत जातो हेही त्याचंच.

पण मेणबत्ती कायद्याच्या पुस्तकात आली ती चंद्रासाठी नाही, गॅसच्या बिलासाठी. १९ व्या शतकात लंडनमध्ये रस्त्यांवर आणि घरांत गॅसचे दिवे आले. कंपनी म्हणे आमचा गॅस उत्तम, गिऱ्हाईक म्हणे दिवा मिणमिणतो. भांडण मिटवायला माप हवं. १८६० च्या लंडनच्या गॅस कायद्याने ते ठरवलं: स्पर्म व्हेलच्या डोक्यातून मिळणाऱ्या मेणाची, पौंडाच्या एक षष्ठांश वजनाची, तासाला १२० ग्रेन (म्हणजे पावणेआठ ग्रॅम) जळणारी मेणबत्ती. तुलनेसाठी बुन्सेनचा (हो, शाळेतल्या बर्नरवाला) तेलकट डागाचा कागद. भजी बांधून दिलेल्या कागदावर पडतो तसाच डाग. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडला की तो डाग जवळपास नाहीसा होतो. परीक्षक डोळा लावून बसायचा आणि डाग गेला की 'इतक्या मेणबत्त्या' असं लिहायचा.

यात गैर काहीच नाही. गॅसचा दिवा माणसाला दिसावं म्हणून, तेव्हा माप माणसाच्या डोळ्याने. पुढे या 'कँडल'ची 'कँडेला' झाली, आणि लुमेन, लक्स ही त्याच घराण्यातली पोरं. आज शोरूममधल्या बल्बच्या खोक्यावर जे लुमेन छापलेले असतात, त्यांचा पणजोबा हा असा व्हेलच्या मेणाचा.

२० व्या शतकात विजेचे निरनिराळ्या रंगांचे दिवे आले आणि तेलकट डाग पुरेना. पिवळा दिवा आणि निळसर दिवा 'सारखे' आहेत हे कोणाच्या डोळ्याने ठरवायचं? मग अनेक लोकांच्या डोळ्यांच्या चाचण्या एकत्र करून एक 'सरासरी डोळा' तयार केला गेला. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या गिब्सन आणि टिंडल यांनी हे काम १९२३ मध्ये मांडलं आणि १९२४ मध्ये प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने ते प्रमाण म्हणून स्वीकारलं. हा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी रंगाला पैकीच्या पैकी गुण देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला? १०० पैकी ३.८. नापासच म्हणा ना.

आणि गंमत पुढेच आहे. १९५१ मध्ये डीन जड या शास्त्रज्ञाने दाखवलं की खुद्द माणसाच्या डोळ्यालाही निळा याहून जास्त दिसतो, १९२४ चा तक्ता त्या टोकाला कमी गुण देतो. मग सुधारला का? सुधारित तक्ता निघाला, पण तोवर जगातले सगळे मीटर, दिवे, करार जुन्या तक्त्यावर उभे होते. लुमेन आजही १९२४ च्याच डोळ्याने मोजतात. ज्याने कधी पंधरा वर्षं जुना कोड चालू सिस्टिममध्ये बघितलाय त्याला हे समजावून सांगायला नको :-)

आता थोडं समुद्राकडे जाऊ, कारण प्रवाळाचं आणि उजेडाचं नातं काय हे कळायलाही बराच वेळ लागला.

१८४२ च्या प्रवाळबेटांवरच्या पुस्तकात डार्विनने लिहून ठेवलं होतं की भिंती बांधणारी प्रवाळं २० ते ३० फॅदम, म्हणजे साधारण ३५ ते ५५ मीटरच्या खाली नीट जगत नाहीत. (आपल्या विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रे घराण्याचं नाव मिरवणारा आंग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा आहे, त्याचा माथा वीसेक मीटर खोलीवर. तिथे जिवंत प्रवाळं आहेत, म्हणजे डार्विनच्या हिशेबात अगदी बसतं.) पण प्रवाळ तर प्राणी! प्राण्याला खोलीचं एवढं काय वावडं?

उत्तर त्याच्या पोटात होतं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म, सोनेरी-तपकिरी एकपेशीय शैवालं राहतात. १८८१ मध्ये कार्ल ब्रांट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने अशा भाडेकरूंना 'झूझँथेला' हे नाव दिलं. हे भाडेकरू भाडं देतात की नुसते राहतात यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. १९२८-२९ मध्ये मॉरिस योंग याच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मंडळी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या लो आयल्स बेटावर वर्षभर मुक्काम ठोकून होती. त्यांनी प्रवाळं अंधारात ठेवली. शैवालं निघून गेली, प्रवाळं पांढरी पडली, पण खायला प्राणिजन्य अन्न मिळालं तर जगली. योंगने निष्कर्ष काढला की शैवाल म्हणजे काही प्रवाळाचं अन्न नव्हे.

प्रयोग खरा, निष्कर्ष मात्र घाईचा निघाला. १९५९ मध्ये जमैकात थॉमस आणि नोरा गोरो या दांपत्याने किरणोत्सारी कॅल्शिअम-४५ वापरून दाखवलं की उजेडात प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी वेगाने बांधतं. १९६७ मध्ये लेनर्ड मस्कॅटिन याने दाखवलं की ही शैवालं प्रकाशसंश्लेषण करून तयार केलेलं ग्लिसरॉल यजमानाला पुरवतात. भाडं मिळत होतं, रोज, आणि भरपूर. (अंगठीतलं लाल पोवळं मात्र वेगळ्या कुळातलं, त्याच्याकडे असे भाडेकरू नसतात आणि ते अंधाऱ्या जागीही सुखाने राहतं.)

म्हणजे उजेड हे प्रवाळाचं जेवण. आणि जास्त झालं तर अजीर्ण: शैवालाच्या पेशीत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि प्रवाळ भाडेकरूंना घराबाहेर काढतं. उरतो तो पारदर्शक मांसाखालचा पांढरा सांगाडा. माझ्या मित्राने बघितला तो हाच.

आता जेवण मोजायचं तर कशाने? याचं उत्तर समुद्रातून नाही, शेतातून आलं.

१८८२ मध्ये थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने एक फार सुंदर प्रयोग केला. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या शेवाळाचा एक धागा ठेवला, त्यावर इंद्रधनुष्याचा पट्टा पाडला आणि पाण्यात ऑक्सिजनच्या मागे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणूंनी लाल आणि निळ्या पट्ट्यांत गर्दी केली. हिरव्यात शुकशुकाट! माणसाचा डोळा जिथे पैकीच्या पैकी देतो, नेमका तिथेच हिरव्या शेवाळाला सर्वांत कमी रस. खरं तर त्याच दिवशी कळायला हवं होतं की मेणबत्तीचं माप वनस्पतीला चालायचं नाही. पण मीटर बाजारात होते ते लक्सचेच, आणि झाडांवरच्या प्रयोगांतही लोक वर्षानुवर्षं लक्स आणि फूट-कँडल लिहीत राहिले.

मग वॅट का नकोत? निदान ती तरी निखळ ऊर्जा. अडचण अशी की प्रकाशसंश्लेषण ऊर्जेच्या किलोवर चालत नाही, फोटॉनच्या नगावर चालतं. निळ्या फोटॉनमध्ये लालपेक्षा जास्त ऊर्जा असते, पण ती जास्तीची ऊर्जा हरितद्रव्य उष्णता म्हणून टाकून देतं. काम मात्र एका फोटॉनचंच होतं. हापूसची पेटी वजनावर विकायची की डझनावर, तसा हा प्रश्न. पान डझनावर घेतं.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या कीथ मॅक्रीने हा प्रश्न एकदाचा तडीस नेला. त्याने २२ पिकांची पानं घेतली, ३५० पासून ७५० नॅनोमीटरपर्यंत दर २५ नॅनोमीटरला वेगवेगळ्या रंगाचा उजेड पाडला आणि पान किती कार्बन डायऑक्साइड घेतं ते मोजलं. १९७२ मध्ये निकाल छापले. रंगारंगांत फरक होता, पण फार नाही, आणि पिकापिकांत त्याहून कमी. मग त्याने सुचवलं ते इतकं साधं की कोणाही प्रोग्रॅमरला आवडावं: तरंगलांबी ४०० ते ७०० च्या मध्ये असेल तर १, नाहीतर ०. फोटॉन मोजा आणि बेरीज करा. यालाच प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रारण म्हणतात, त्याचं इंग्रजी आद्याक्षरी नाव 'पार'. मोजायचं दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन पडतात ते. एक मायक्रोमोल म्हणजे सुमारे ६० कोटी अब्ज फोटॉन. भर उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी उघड्यावर हा आकडा २,००० च्या घरात जातो.

असे फोटॉन मोजणारा हाताळण्याजोगा सेन्सर १९७१ मध्ये बिग्ज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छापला होता: सिलिकॉनचा एक तुकडा आणि त्यावर रंग समतोल करणाऱ्या काचा. त्याच वर्षी बिग्जने नेब्रास्कातल्या लिंकन गावी कंपनी काढली, तीच पुढची लाय-कॉर. मका-सोयाबीनच्या राज्यात, पिकांसाठी. प्रवाळ त्या गावापासून हजारो मैल दूर.

इकडे घरातल्या टाक्या त्यांच्या वाटेने येत होत्या. जकार्तातल्या ली चिन एंगने १९६१ मध्ये लिहिलं की समुद्रातले जिवंत खडक, थोडी हवा आणि ऊन एवढ्यावर समुद्री टाकी चालते. त्याच्याकडे विषुववृत्ताचं ऊन फुकट होतं. युरोपातल्या मंडळींकडे ते नव्हतं. त्यांनी पुढच्या दोन दशकांत मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे लावून काम भागवलं. बर्लिनच्या हौशी लोकांची पद्धत तर त्या शहराच्या नावानेच ओळखली जाते. उजेड मोजायचा तो डोळ्याने, वॅटने, नाहीतर केल्विनच्या लेबलाने. तरी चालून जायचं, कारण त्या दिव्यांत सगळे रंग थोडेफार असायचे. माप चुकीचं असलं तरी चूक बेताची.

'चालून जातंय'वर समाधान न मानणाऱ्यांमध्ये पेन स्टेट विद्यापीठातले औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक संजय जोशी यांचं नाव घ्यायलाच हवं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बाजारातले मेटल हॅलाइडचे दिवे आणि त्यांचे बॅलास्ट एकेक करून स्पेक्ट्रोमीटरखाली ठेवले आणि प्रत्येकाचा वर्णपट आणि फोटॉनचा आकडा सगळ्यांसाठी छापून टाकला. नोकरीचा भाग म्हणून नव्हे, घरात टाकी होती म्हणून. वीकेंड प्रोजेक्ट असावं तर असं!

आणि मग आला निळा एलईडी. नागोयात इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो, तोकुशिमातल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा. १९९३ मध्ये निचियाने झगझगीत निळा एलईडी जाहीर केला, २०१४ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. प्रवाळवाल्यांना तो हवाच होता, कारण समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरतो आणि खाली उरतो तो निळा. शैवालाची रंगद्रव्यंही निळ्या आणि निळ्या-हिरव्या उजेडाला सरावलेली. शिवाय निळ्यात प्रवाळं अशी काही चमकतात की पाहुणे चहा विसरतात.

पण आता १९२४ चा डोळा उघडा पडला. हिशेब करून बघा, मी कागदावर केला. उन्हात ५४ लक्स म्हणजे १ मायक्रोमोल. निव्वळ ४५० नॅनोमीटरच्या निळ्यात? एक वॅट म्हणजे ६८३ गुणिले ०.०३८, सुमारे २६ लुमेन. तेवढ्याच वॅटमध्ये फोटॉन ३.७६ मायक्रोमोल. भागाकार ६.९. म्हणजे तोच १,००० लक्सचा आकडा उन्हात १८.५ मायक्रोमोल सांगतो आणि निळ्यात १४५. जवळपास आठपट फरक! मित्राचा दिवा निळा-पांढरा होता, त्यामुळे त्याचा भाजक मधेच कुठेतरी, १६ च्या आसपास पडला. त्याने मात्र उन्हाचा ५४ वापरला.

बरं, 'पार' मीटर घेतला की सुटलो असंही नाही. यूटातल्या अपोजी कंपनीने स्वस्त मीटर काढल्यावर ते हौशी लोकांच्या आवाक्यात आले, पण त्यांचा जुना सेन्सर ४१० ते ६५५ नॅनोमीटरमध्येच नीट बघायचा. उन्हासाठी जुळवलेला होता, तिथे बरोबर, पण एकाच रंगाच्या एलईडीखाली दुरुस्तीचा गुणक लावावा लागायचा. नंतरच्या सेन्सरने ३८९ ते ६९२ पर्यंत मजल मारली. त्यात पाण्याखाली सेन्सरची पांढरी टोपी हवेतल्यापेक्षा कमी उजेड आत घेते, म्हणून आणखी एक गुणक: जुन्या मॉडेलला १.०८, नव्याला १.३२. हा विसरलात तर नव्या मीटरनेही उजेड पाव हिस्सा कमी दिसतो, आणि दिवा वाढवायचा मोह परत हजर.

आणि मुळात मॅक्रीची पानं मक्या-गव्हासारख्या पिकांची. प्रवाळाच्या शैवालात पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य असतं, जे त्या पिकांत नाही. म्हणजे 'पार' हाही काही प्रवाळाचा डोळा नव्हे, तो शेतातल्या पिकाचा डोळा. फक्त माणसाच्या डोळ्यापेक्षा त्याच्या कितीतरी जवळचा.

या सगळ्यातून मी माझ्यापुरतं एवढंच घेतलं: कुठलंही एकक हातात आलं की ते पहिल्यांदा कोणाच्या भांडणासाठी तयार झालं ते विचारायचं. लक्स लंडनच्या गॅसवाल्यांच्या गिऱ्हाइकासाठी होता, ते काम तो आजही चोख करतो. आपण त्याला भलत्याच साक्षीला उभं केलं. ऑफिसात दर सोमवारी ज्या आकड्यांवर आमची मापं काढली जातात त्यांनाही हा प्रश्न विचारून बघणार आहे. हळूच.

(एक सूचना: हे वाचून इथे प्रवाळाची टाकी करायचा विचार असेल तर थांबा. भारतात भिंती बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत.)

मित्राच्या अ‍ॅक्रोपोराचं म्हणाल तर दोन फांद्या गेल्या, त्यांच्यावर आता हिरवं शेवाळ धरलंय. तिसरीच्या बुडाशी परवा त्याला किंचित तपकिरी छटा दिसली, म्हणजे काही भाडेकरू परत आलेत. फोटो पाठवला होता. मला काही दिसलं नाही, पण तो निळ्या उजेडात काढलेला होता, आणि माझा डोळा १९२४ चा.